वादक अनामिक का?

साकीनाक्यास अंधेरी-कुर्ला रस्त्यालगत आमचे एक जुने विद्यार्थी राहतात. खिडकीसमोरून मेट्रोची गाडी जाते; ती गेली की मग संभाषण पुढे चालू करावयाचे, असा त्या घरचा रिवाज आहे. तेथे परवा आम्हांस दोन पुनर्मुद्रित तबकड्या ऐकावयास मिळाल्या. त्यांवरून जो वाद झाला, तो तेथे मिटला नाही. म्हणून वाचकांपुढे मांडीत आहो.

पहिली तबकडी इटलीतील 'गॉब्लिन' या वाद्यवृंदाची, 'रोलर' नावाची, 1976 सालची. हे लोक मुख्यतः चित्रपटांचे पार्श्वसंगीत वाजविणारे. दारिओ आर्जेन्तो यांच्या 'प्रोफोंदो रोस्सो' (1975) या भयपटाचे काम आधी ज्योर्ज्यो गास्लिनी यांजकडे होते. ते दूर झाल्यावर या तरुणांनी ते पुरे केले आणि त्याची तबकडी इटलीत अफाट खपली. पुढील वर्षी त्यांनी कोणत्याही चित्रपटाचा आधार न घेता 'रोलर' काढली. रॉक संगीतास अभिजात संगीताचा विस्तार देऊ पाहणारा जो 'प्रोग्रेसिव्ह' पंथ, त्यातले हे वादन आहे. सर्वच आम्हांस रुचले असे नाही. परंतु सिमोनेत्ती, मोरान्ते, पिन्यातेल्ली, ग्वारिनी, मारांगोलो ही पाच वादकांची नावे आज अर्धशतकानंतरही रसिकांस ठाऊक आहेत.

दुसरी तबकडी मुंबईची. चरणजीत सिंग हे राहुलदेव बर्मन प्रभृतींच्या वाद्यवृंदांत बास गिटार व विद्युत्-वाद्ये वाजवीत. 1982 साली, डिस्कोचा ज्वर भरात असता, त्यांनी रोलंड कंपनीची तीन जपानी यंत्रे घेऊन भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस इत्यादी दहा राग त्या ठेक्यावर वाजविले. तबकडी पडली ती पडलीच. 2010 साली 'बॉम्बे कनेक्शन' या डच संस्थेने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपात गवगवा झाला. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनी मग तिकडे जाऊन जलसे केले. 2015 साली ते मुंबईत वारले.

आमचे विद्यार्थी अभिमानाने म्हणाले, "सर, शिकागोच्या पोरांनी 'ॲसिड हाउस' शोधले ते 1987 साली, आपल्या माणसाने पाच वर्षे आधीच!" हीच बढाई वृत्तपत्रांतूनही वाचावयास मिळते, आणि आमचा आक्षेप नेमका तिलाच आहे. यंत्र तेच, हे खरे. एकट्या गिटारवाल्यास बासची साथ मिळावी म्हणून बनविलेल्या त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. शिकागोकरांनी तिचे खुंटे पिरगाळून नाचाच्या दालनासाठी एक नवाच आवाज काढला. चरणजीतांस त्या घसरणीत मींड दिसली. दोन वाटा भिन्न असता शर्यत कसली? परक्याच्या मोजपट्टीने पहिला क्रमांक लावून घेतल्याखेरीज आपला माणूस आपणांस मोठा वाटू नये, ही खरी दैन्यावस्था होय. शास्त्रशुद्धतेचे कैवारी या तबकडीस रागांची विटंबना म्हणतात, ते निदान ती ऐकून तरी बोलतात.

कोणी म्हणेल, "चाल संगीतकाराची, वादक केवळ सांगितले तसे वाजविणारा." हे अज्ञान आहे. कित्येक संगीतकार पेटीवर चाल गुणगुणत. तिचा वाद्यमेळ रचणे, पाश्चात्त्य स्वरलेखनात प्रत्येक व्हायोलिनचा भाग लिहिणे, हे काम बहुधा गोमंतकीय मंडळी करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी 'अमर अकबर अँथनी'तील (1977) गाण्यात गोवले. ते नाव घरोघर पोहोचले आणि माणूस मात्र दाराबाहेरच राहिला! ते गाणे तोंडपाठ असणाऱ्या किती जणांस ठाऊक आहे की, हा कोणी खराखुरा वाद्यमेळकार होता? मराठी घरांनीही फुशारकी मारू नये. गीतरामायण म्हटले की माडगूळकर आणि फडके ही नावे लहान मुलेही सांगतात. व्हायोलिनवर साथ करणाऱ्या प्रभाकर जोगांचे नाव ज्यास चटकन आठवेल, तो आमच्या मते विरळाच.

तबकडीवर नावे छापावयास जागा नसते, हा कंपन्यांचा बचाव पुनर्मुद्रणाच्या वेळी तर मुळीच टिकत नाही. हल्ली जुन्या तबकड्या मोठ्या किमतीस पुन्हा निघतात, सोबत रंगीत पुस्तिका असते, नटनट्यांची छायाचित्रे असतात. त्या पुस्तिकेत ध्वनिमुद्रणास बसलेल्या वादकांची यादी छापावी, एवढीच आमची मागणी. त्या काळचे जे वादक आज हयात आहेत, त्यांस विचारून ती अजूनही पुष्कळ अंशी करता येईल. दहा वर्षांनी येणार नाही.

आमचे विद्यार्थी हट्टी. "इतकेही काही नाही, सर," असे म्हणून त्यांनी वडिलांच्या संग्रहातून एका जुन्या हिंदी चित्रपटाची तबकडी काढली. वेष्टन उलटसुलट करून, दिव्याखाली धरून आम्ही दोघांनी वाचले. निर्माता होता, दिग्दर्शक होता, गीतकार, संगीतकार, गायक होते. व्हायोलिनचा तो सुंदर तुकडा कोणी वाजविला, ते मात्र कोठेच नव्हते. तेवढ्यात गाडी आली, आणि आम्ही ती जाईपर्यंत थांबलो.