विश्लेषण : प्रिन्स्टनचे स्थानक १४० मीटर सरकल्याने एवढा वाद का झाला?

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या प्रिन्स्टन या विद्यापीठाच्या गावात रेल्वे स्थानकाची जागा बदलल्यावरून प्रकरण न्यायालयात गेले.

‘डिंकी’ काय आहे?
प्रिन्स्टन ते प्रिन्स्टन जंक्शन या ४.३ किमीच्या मार्गावरील छोटी गाडी. मार्ग १८६५चा, प्रवास जेमतेम पाच मिनिटांचा. जंक्शनवर न्यूयॉर्कची गाडी मिळते.

वाद कशामुळे?
न्यू जर्सी ट्रान्झिटने १९८४ मध्ये स्थानकाची जागा विद्यापीठाला विकली. गाडी मात्र हीच सरकारी संस्था चालवते. पुढे कला संकुलासाठी विद्यापीठाने स्थानक दक्षिणेकडे, म्हणजे गावाच्या मध्यापासून आणखी दूर हलवले. नवे स्थानक नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. करारात तशी मुभा असल्याचा विद्यापीठाचा दावा होता, तो विरोधकांना मान्य नव्हता.

एवढ्याने काय बिघडते?
१४० मीटर म्हणजे दोन मिनिटांची चाल. पण गाडीचा प्रवासच पाच मिनिटांचा असेल, तर तेवढ्यानेही काही जण थेट मोटारीने जंक्शन गाठतील. प्रवासी घटले की फेऱ्या कमी करायला निमित्त मिळते, ही खरी भीती होती.

मुद्दा काय?
गाडी सरकारी, जमीन मात्र खासगी विद्यापीठाची. अशा वेळी स्थानक कुठे असावे, हे ठरवताना प्रवाशांपेक्षा जमीनमालकाचे पारडे जड ठरते.