बहाल केलेली उंची

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याला 1918 साली एक विशेषण मिळालं. तोवर तो इतर बड्या संस्थानिकांसारखाच ‘हिज हायनेस’ होता. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना भरघोस मदत केली, म्हणून पाचव्या जॉर्ज बादशहाने त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ केलं. साऱ्या हिंदुस्थानात हा मान त्याच्या एकट्याचा. ‘हाय’ म्हणजे उंच आणि ‘एक्झॉल्टेड’ म्हणजे उंचावर चढवलेला. सोबत ब्रिटिश सरकारचा ‘फेथफुल अलाय’, म्हणजे विश्वासू दोस्त, हाही किताब होता.

या सदरात आपण कारभाराच्या भाषेबद्दल बोलतो. उंची, महत्त्व आणि श्रेष्ठता सांगणारी इंग्रजी विशेषणं त्या भाषेत ठासून भरलेली आहेत, आणि त्यांतल्या दोन-तीन शब्दांनी आपल्या वऱ्हाडाचं भवितव्य ठरवलं आहे. म्हणून आज ती.

यांतली बरीचशी विशेषणं लॅटिनमधून आली आणि मुळात ती निव्वळ जागा दाखवत. ‘सुपिरिअर’ म्हणजे वरचा, ‘सुप्रीम’ म्हणजे सगळ्यात वरचा. (‘मोअर सुपिरिअर’ लिहिणं चुकीचं ठरतं ते यामुळेच, तुलना त्या शब्दात आधीच आहे.) उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपिरिअरला फ्रेंचांनी ते नाव दिलं ते सरोवर ह्युरॉनच्या वरच्या अंगाला आहे म्हणून. आज ऐकणाऱ्याला मात्र ते सर्वांत सरस सरोवर वाटतं. ‘पॅरामाउंट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘वरच्या बाजूला’ अशा अर्थाच्या बोलातून इंग्लंडच्या सरंजामी कायद्यात शिरला. ज्याच्या डोक्यावर दुसरा धनी नाही असा जमिनीचा धनी तो ‘लॉर्ड पॅरामाउंट’. इथे जागेचा अर्थ मागे पडला आणि हुकमाचा पुढे आला. जो वर, त्याने खालच्याला सांगायचं आणि खालच्याने ऐकायचं. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या संस्थानांवरच्या आपल्या अधिकाराला नेमका हाच शब्द लावला. ते स्वतः ‘पॅरामाउंट पॉवर’, आणि त्यांचा संस्थानांवरचा अधिकार म्हणजे ‘पॅरामाउंटसी’.

आता वऱ्हाडाकडे येऊ. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा कापूस पिकवणारा मुलूख मूळ निजामाचा. निजामाच्या पदरी ठेवलेल्या इंग्रजी कवायती फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने सालीना 25 लाख रुपयांच्या बोलीवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. मालकी नावापुरती निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1918 नंतर ‘एक्झॉल्टेड’ झालेल्या उस्मान अलीने वऱ्हाड परत मागितलं. 1925 मध्ये त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लिहिलं की, परराष्ट्र व्यवहार सोडले तर अंतर्गत कारभारात आपण आणि इंग्रज सरकार बरोबरीचे आहोत. वऱ्हाडाचा तंटा दोन बरोबरीच्या पक्षांमधला आहे.

रीडिंग हिंदुस्थानात येण्यापूर्वी इंग्लंडचा सरन्यायाधीश होता. शब्द तोलून वापरणारा माणूस. मार्च 1926 मध्ये त्याने दिलेलं उत्तर मला कारभारी इंग्रजीचा अत्यंत बोलका नमुना वाटतो. पत्रात निजामाचा उल्लेख ‘युअर एक्झॉल्टेड हायनेस’ असाच आहे. मायन्यात कुठेही कसूर नाही. आणि त्याच पत्रात त्याला बजावलं आहे की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाची सत्ता ‘सुप्रीम’ आहे, त्यामुळे कुठल्याही संस्थानिकाला इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही. आणि ‘फेथफुल अलाय’? त्या किताबामुळे हैदराबाद इतर संस्थानांहून वेगळ्या वर्गात जात नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. म्हणजे आठ वर्षांपूर्वी दिलेली विशेषणं जागच्या जागी राहिली, आणि देणाऱ्याने ती कवडीमोल असल्याचं सरकारी कागदावर लिहून दिलं.

निजामाबद्दल मला सहानुभूती नाही. त्याच्या राजवटीत मराठवाड्याने काय भोगलं हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याची गफलत समजून घेण्यासारखी आहे. ‘एक्झॉल्टेड’ म्हणजे आपण उंच आहोत, असं त्याने मानलं. त्या शब्दात चढवणारा कुणीतरी दुसरा आहे आणि तो आपल्याहून वर बसला आहे, हे त्याने नजरेआड केलं.

पुढे इंग्रज सरकारने नेमलेल्या बटलर कमिटीने सरकारच्या संस्थानांशी असलेल्या संबंधांचा विचार केला. पॅरामाउंटसी म्हणजे नेमकं काय, तिची हद्द कुठवर, हे संस्थानिकांना ठरवून हवं होतं. 1929 च्या अहवालात कमिटीने व्याख्या करायचं टाळलं आणि पॅरामाउंटसी पॅरामाउंटच राहिली पाहिजे, असा निर्वाळा दिला. व्याख्या नसलेला अधिकार हवा तेव्हा हवा तितका ताणता येतो. मग 1936 च्या कराराने वऱ्हाडाचा निकाल लागला. मुलूख मध्य प्रांताच्या कारभारातच राहिला, आणि निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ असं म्हणवून घेण्याची मुभा मिळाली. त्याचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. मागितला होता मुलूख, पदरात पडली बिरुदं. वऱ्हाडच्या रयतेला यातलं काही कुणी विचारलं नाही.

उंचीची ही उतरंड सगळ्या संस्थानांना लागू होती आणि ती तोफांनी मोजली जाई. अकरा किंवा त्याहून अधिक तोफांची सलामी ज्याला, तो ‘हायनेस’. बडोदा आणि ग्वाल्हेर 21 तोफांचे, कोल्हापूर 19, सांगली 9. शिवछत्रपतींच्या वंशातला राजा कितव्या पायरीवर उभा राहणार, हे लंडन आणि कलकत्त्यात ठरत होतं. ‘मॅजेस्टी’ हा शब्द मात्र बादशहासाठी राखून ठेवलेला. 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाडांनी पाचव्या जॉर्जसमोर एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले. केवढा गहजब झाला! त्यांना खुलासा करावा लागला. पण पुढच्या पिढ्यांनी मनात ठेवली ती त्यांची पाठ, खुलासा नाही.

सरकारने किताब वाटण्याची पद्धत आपण 1950 मध्ये कायद्याने संपवली. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि विद्याविषयक पदव्या सोडून सरकारी किताबांना बंदी केली. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ‘हिज एक्सलन्सी’ आणि त्याचं हिंदी रूप ‘महामहिम’ देशातल्या व्यवहारातून बाजूला केलं. 2006 मध्ये बार कौन्सिलने वकिलांसाठी नियम केला: वरिष्ठ न्यायालयांत ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावं. तरीही ‘माय लॉर्ड’ अजून ऐकू येतं.

आणि आपल्या मराठीत? ‘नामदार’ हा फारसी शब्द आपण इंग्रजांच्या ‘ऑनरेबल’साठी घेतला. कायदेमंडळात सभासद म्हणून गेलेले गोखले ‘नामदार गोखले’ झाले. त्याच गोखल्यांनी 1914 मध्ये ‘सर’ होण्याचं नाकारलं, हे फारसं कुणी सांगत नाही. कायदेमंडळं बदलली, राज्य बदललं, पण ‘ना.’ तसाच राहिला. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका उघडा: ‘मा. ना. श्री.’ अशी तीन अक्षरी टोपी घातल्याशिवाय मंत्र्याचं नाव छापलं जात नाही. तलाठी कार्यालयात साधा फेरफाराचा अर्ज द्यायचा तरी ‘महोदयांच्या सेवेशी’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ असतोच. सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घेणं हा नागरिकाचा हक्क आहे. त्यात आज्ञा कुणाची आणि धारक कोण?

आदराने बोलणं वेगळं. ‘श्री.’ लिहावं, ‘आपण’ म्हणावं, वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. माझा आक्षेप आहे तो पदामुळे आपोआप चिकटणाऱ्या उंचीला, कारण ती खुर्चीतल्या माणसाला वर आणि अर्जदाराला खाली बसवते, आणि अर्जदार स्वतःच्या हाताने ते लिहून देतो.

तेव्हा विनंती इतकीच. पुढचा अर्ज लिहाल तेव्हा वर अधिकाऱ्याचं पद लिहा, खाली ‘आपला आज्ञाधारक’च्या जागी फक्त तुमचं नाव लिहून सही करा. गावच्या कार्यक्रमाची पत्रिका तुमच्याकडे तपासायला आली, तर ‘ना.’ खोडा. नाव आणि पद पुरेसं आहे.