एमसीबीच्या भरवशावर चार्जिंग नको

ई-रिक्षा आणि ई-स्कूटरच्या बॅटरीला कसला शॉक लागतो, ती तर ४८ नाहीतर ६० व्होल्टची, असं चंद्रपूर-गडचिरोलीत सर्रास ऐकू येतं. बॅटरीपुरतं ते बरोबर आहे. पण चार्जरची दुसरी वायर घरच्या २३० व्होल्टच्या बोर्डात जाते. ओसरीत जमिनीवर पत्र्याचा चार्जर, खिडकीतून ओढलेली एक्स्टेन्शन, जोडावर चिकटपट्टी आणि थ्री-पिनचा जाड पाय बसत नाही म्हणून लावलेला टू-पिन अ‍ॅडॉप्टर. पावसाळ्यात माणूस तिथेच ओल्या पायांनी प्लग काढतो.

"एमसीबी आहे ना, पडेल" हे त्याहून घातक, कारण ते काही वायरमनही सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी जीव जाऊ शकतो. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनीही हिशेब मांडावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, मुरमाड जमीन पार वाळलेली; अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम धरा. चार्जरच्या पत्र्याला फेज लागली तर २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरची एमसीबी हलणारही नाही, पत्र्यात करंट तसाच राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते आणि तफावत दिसताच सप्लाय तोडते.

ती पावसात सारखी ट्रिप होते म्हणून काढून टाकली, असंही सांगतात. ट्रिप होते, कारण कुठेतरी लिकेज आहे, तेच शोधायचं. चार्जरला वेगळी लाइन आणि तिची स्वतंत्र आरसीसीबी दिली, तर पंपाच्या लिकेजमुळे चार्जिंग अडत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्येच सुरक्षा नियमांत हे घातलं: चार्जिंगची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नाही, न्यूट्रलही तोडणारी, किमान 'ए' टाइप. सॉकेट जमिनीपासून ८०० मिलिमीटर वर, आणि एक्स्टेन्शन नाहीच. 'ए' टाइपचा आग्रह उगाच नाही. स्वस्तातली 'एसी' टाइप चार्जरच्या लिकेजमधल्या डीसीमुळे बधिर होऊ शकते.

रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या करंटने या जिल्ह्यांत वाघ मेले, माणसंही मेली. वीज काय करते हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी लाखाची गाडी घेताना काटकसर होते ती आरसीसीबीच्या डबीवर. म्हणून गाडी विकणाऱ्यानेच डिलिव्हरीआधी घरचा पॉइंट तपासून घ्यावा. पुढे आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबावं. पण ते अर्थिंगचं काहीच सांगत नाही. ते अर्थ टेस्टर लावूनच मोजावं लागतं, आणि तेही जमीन सर्वांत कोरडी असते त्या मे महिन्यात.