गॅस संपलाच नव्हता

एप्रिलमध्ये अब्बांना घेऊन बारामतीहून इंदापूरला लग्नाला निघालो होतो. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, म्हणजे तुकोबांच्या पालखीचाच रस्ता. गाडी पळत होती तोवर एसी थंडगार. निमगावच्या गर्दीत अडकलो आणि दोन मिनिटांत जाळीतून गरम वारा यायला लागला. काच खाली केली तर बाहेरून झळा. गर्दी सुटली, गाडी पळाली, पुन्हा थंड.

आठच दिवसांपूर्वी एका दुकानात ‘गॅस संपलाय’ असं ऐकून मी अडीच हजार रुपये मोजले होते. कारागिराने व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स करून जुना गॅस हवेत सोडला आणि नवा भरला. मी शेजारीच उभा होतो. दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधून पगार घेणारा, पदवीधर इंजिनिअर. गॅस संपलाय, तर मग एवढा वेळ फुस्स काय होतंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नातल्या एका पाहुण्याने हायवेजवळच्या पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, आठवीनंतर मामूच्या हाताखाली शिकलेला. त्याने आधी गेज लावलं नाही, प्रश्न विचारला. ‘पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, असंच ना भाई?’ मग बॉनेट उघडून एसी चालू करायला सांगितला आणि बोट दाखवलं. कंडेन्सरचा पंखा बंद होता. त्याने हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावून बघितला, फरक नाही. पान्याच्या मुठीने मोटरवर हलकेच टकटक केलं, तसा पंखा गरगर फिरला. ‘कार्बन झिजलेत.’ मोटर बदलली, शेवटी गेज लावून प्रेशर तपासलं. मोटरचे अठराशे, मजुरी तीनशे.

त्यामागचं गणित असं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. ती उष्णता गाडीच्या तोंडाशी असलेला कंडेन्सर बाहेरच्या हवेला देतो. पळत्या गाडीत वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत पंखाच लागतो. पंखा बंद असेल तर प्रेशर चढतं आणि काही बिघडू नये म्हणून प्रेशरचा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

शिवाय तो फुस्सही फुकटचा नाही. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट उष्णता धरतो. अर्धा किलो सोडला तर साधारण तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. खरं तर तो यंत्राने काढून घ्यायला हवा. अशा वायूंचा वापर घटवण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. इंदापूरच्या त्या शेडमध्ये यातलं काहीच पोहोचलेलं नाही.

आता आपल्याबद्दल. वाहनदुरुस्तीत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं. पण आपल्या जमातींचे गुणगौरव दहावी-बारावीच्या टक्क्यांचे. माझाही झाला होता, शाल अजून कपाटात आहे. गॅरेजमधला मुलगा म्हणजे ‘शिकला नाही बिचारा’. शिक्षणाचा आग्रह धरलाच पाहिजे, त्यात मला शंका नाही. पण लक्षणं विचारून, एकेक शक्यता बाद करत कारणापर्यंत जाणं हे शिक्षण नसेल तर मी ऑफिसात काय करतो?

कुणी म्हणेल, हात चालतो तर कागद कशाला? मलाही आधी तसंच वाटलं. पण इलेक्ट्रिक गाडीचा एसी कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. त्यात नेहमीचं पीएजी तेल पडलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडू शकतं. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ गॅस पेटू शकतो. हे मामूंना माहीत नव्हतं, भाच्याला कुणी सांगितलेलं नाही. त्या गाड्या वाढतील तसं त्याच्या शेडसमोरचं गिऱ्हाईक अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जाईल, आणि तिथे दारातच प्रमाणपत्र मागतात.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. बारामती-इंदापूरच्या जमातींनी यंदा गुणगौरवाच्या खर्चातून एवढं करावं: तालुक्यातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांची, मुसलमान असोत की नसोत, यादी करावी, फॉर्म भरून द्यावेत, गॅस काढून घ्यायचं एक यंत्र सामायिक विकत घ्यावं. ऑनलाइन फॉर्मचं काम माझ्याकडे द्या.

त्या मेकॅनिकला फोनवर हे सांगितलं. त्याने एकच विचारलं, ‘परीक्षा लिहायची असते का करून दाखवायची?’