आखातात गाडी घ्या, पण आधी कागद पुरे करा

कोकणातून आखातात गेलेला आपला माणूस पहिली काही वर्षे बसने फिरतो. पुढे पगार वाढतो, बायकामुलांचा व्हिसा निघतो आणि मग घरात गाडीची गोष्ट सुरू होते. गाडीची किंमत ठरवताना तो दहा ठिकाणी घासाघीस करतो. नोंदणी आणि विम्याच्या कागदावर मात्र दलाल बोट दाखवील तेथे सही करून मोकळा होतो. आमच्या कापडाच्या धंद्यात थान उघडून पाहिल्याशिवाय कोणी माल उचलत नाही. जी खबरदारी आपण चार मीटर कापडासाठी घेतो, ती हजारो दिरहमच्या गाडीसाठी का घेत नाही?

माझे मत स्पष्ट आहे. गाडीचा विमा म्हणजे सरकारने लावलेला दंड नव्हे आणि केवळ आपल्या पत्र्याची काळजीही नव्हे. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा तो आपल्यावरचा हक्क आहे. हुकूकुल इबादची गोष्ट आपण मशिदीत ऐकतो, ती गाडीच्या चावीलाही लागू आहे.

दुबईचा कायदा पाहू, कारण आपले लोक तेथे मोठ्या संख्येने आहेत. पहिली गोष्ट परवान्याची. पाहुणा म्हणून गेलेला माणूस आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी चालवू शकतो. पण रहिवासी व्हिसा लागला की तो परवाना चालत नाही. काही देशांचे परवाने तेथे थेट बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्या माणसाला चाचणी देऊनच परवाना घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट नोंदणीची. दुबईत हे काम आर.टी.ए. पाहते. नोंदणीच्या कार्डाला सर्वजण मुल्किया म्हणतात. ते दरवर्षी नवे करावे लागते. गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर दरवर्षी तपासणी होते. विम्याशिवाय मुल्किया मिळत नाही, आणि जुने दंड भरल्याशिवाय ते नवे होत नाही. विम्याची पॉलिसी साधारणपणे तेरा महिन्यांची असते. वरचा एक महिना नूतनीकरणाच्या सवलतीसाठी आहे. पुष्कळजण त्याला फुकटचा महिना समजून शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, हे बरे नव्हे.

आता विम्याचे पाहू. कायद्याने सक्तीचा आहे तो तिसऱ्या पक्षाचा विमा. २०१७ पासून अमिरातीत मोटार विम्याचा एकच नमुना सर्व कंपन्यांना लागू आहे. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २० लाख दिरहमपर्यंत हमी असते. माणूस जखमी झाला किंवा मेला तर कोर्ट ठरवील ती भरपाई कंपनी देते. अपघाती मृत्यूची दियत तेथे २ लाख दिरहम आहे. दियत म्हणजे काय हे मुसलमान वाचकाला सांगण्याची गरज नाही. महिना चार-पाच हजार दिरहम कमावणाऱ्याने ही रक्कम स्वतः भरायची म्हटले तर तीन-चार वर्षांचा अख्खा पगार त्यात जाईल, आणि गावाकडचे घर मनीऑर्डरीवर चालणारे.

पुष्कळजण म्हणतील की पॉलिसी तर घेतली आहे, मग भीती कसली? भीती अटींची आहे. परवाना नसताना गाडी चालवली, नशेत चालवली, विमा घेताना खोटी माहिती दिली किंवा पॉलिसीत लिहिलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कामाला गाडी लावली, तर कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि नंतर ते आपल्याकडून वसूल करू शकते. आपली मुले शारजा ते दुबई पैसे घेऊन चार प्रवासी नेतात, त्याला तेथे कार लिफ्ट म्हणतात. विनापरवाना हे बेकायदा आहेच, शिवाय खाजगी वापराच्या पॉलिसीत ते बसत नाही. आमच्या लाइनीतले काही छोटे व्यापारी खाजगी मोटारीतून कापडाच्या गाठी दुकानोदुकानी पोचवतात. त्यांनीही आपली पॉलिसी एकदा वाचून घ्यावी. गाडी ओमानला न्यायची असेल तर तेथील हमी पॉलिसीत आहे का हे आधी विचारावे. तिसऱ्या पक्षाच्या विम्यात चालकाची स्वतःची दुखापत येत नाही. चालक आणि घरच्या माणसांसाठी वैयक्तिक अपघाताचे कलम वेगळे मागून घ्यावे.

काही दीनदार बांधव म्हणतात की विमा जायज नाही, म्हणून नाइलाजाने सर्वांत स्वस्त कागद घेतो आणि तो वाचतही नाही. त्यांच्या भावनेची मला कदर आहे. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ साली ठराव केला की ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा शरीअतमध्ये बसत नाही, परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा मात्र जायज आहे. अमिरातीत अशा तकाफुल कंपन्या आहेत आणि त्यांच्या पॉलिसीवर मुल्किया मिळते. म्हणजे दीनही राहतो आणि कायदाही पाळला जातो. मग निष्काळजीपणाला तवक्कुलचे नाव का द्यावे?

आणखी एक वाईट पद्धत आहे. गाडी एकाची आणि मुल्किया मित्राच्या नावावर. दोस्ती चांगली असते तोवर ठीक. मित्राची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला किंवा तो वारला, तर पैसे देणाऱ्याच्या हातात काय पुरावा? दंड मात्र मित्राच्या खात्यावर चढत राहतात. अमानतीचा व्यवहार असा करू नये.

हाच नियम मागे गावी ठेवलेल्या गाडीलाही लावावा. परदेशी जाताना पुष्कळजण गाडी विकतात आणि फॉर्मवर सही देऊन निघून जातात. ती आर.टी.ओ.त नव्या मालकाच्या नावावर होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे गाडी विकून आखातात बसलेल्या माणसावर रत्नागिरीतल्या अपघाताचा दावा येऊ शकतो. नाव बदलल्याचा पुरावा हातात आल्याशिवाय विमानात बसू नये. विक्रीनंतर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्रही घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि लवकर परतणाऱ्याच्या कामी येते.

कायमचे परत येताना तिकडची गाडी विकूनच यावे. तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते आणि भारतात अशा जुन्या गाडीच्या आयातीला परवानगी नाही. मुल्कियावर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा, मालकी बदलून घ्यावी, सालिक टोलचे खाते बंद करावे.

ही सर्व कामे मिळून दोन-चार दिवसांची आहेत. परदेशात आपली इज्जत आपल्या व्यवहारावर ठरते. ज्याचे कागद साफ, त्याला पोलिसांची भीती नाही, आणि अपघात झालाच तर समोरच्या जखमी माणसाच्या घरची चूलही विझत नाही. तरुणांनी गाडीचा रंग पसंत करण्याआधी पॉलिसी वाचावी. वाचता येत नसेल तर जाणकाराला विचारावे, त्यात कमीपणा नाही.