घसरायला मिलिमीटर पुरतात

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांना धोक्याची पातळी गाठते, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, तेही आपण पाहिलं. म्हणून पाणी म्हटलं की आपण फुटांत विचार करतो. पण बंद महामार्गावर कुणाची दुचाकी घसरत नाही. ती घसरते अर्ध्या तासाच्या सरीनंतर, चौकात तुंबलेल्या बोटभर पाण्यात. कारण तिथं वाहतूक चालूच असते.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हळू चालवा. पाण्यावर तरंगायला नव्वदच्या पुढचा वेग लागतो, गावात कोण एवढं पळवतं?’ आकडा खोटा नाही. 1960 च्या दशकात नासाच्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार 33 पीएसआय हवेच्या टायरला ताशी सुमारे 95 किलोमीटर वेग लागतो. पण ते सूत्र चाक रस्त्यापासून पूर्ण सुटण्याचं आहे. पकड त्याच्या फार आधी ढिली होते. ओल्या रस्त्यावर टायरचा पुढचा भाग पाणी सारत असतो, मधल्या भागाखाली पातळ थर उरतो आणि खरी पकड मागच्या भागापुरती राहते. पाणी वाढलं, वेग वाढला की तो भाग आक्रसतो. कोरड्यावरून येणारा दुचाकीस्वार डबक्यात पुढचा ब्रेक दाबतो, चाक अडकतं आणि तो तिशीच्या वेगातही आडवा होतो. त्याला बेफिकीर म्हणणं अन्याय आहे.

टायर गोटा झालेले असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. कायद्याने मोटारीला 1.6 आणि दुचाकीला 0.8 मिलिमीटर नक्षी लागते, ती हवीच. पण नक्षी पाणी बाजूला ढकलते. बाजूलाही पाणीच साचलं असेल तर ते जाणार कुठं?

मग ‘रस्ता कसा काचेसारखा झालाय’ हे कौतुक. याचीच मला सर्वांत जास्त चीड येते. रस्त्याची पकड दोन गोष्टींत असते: खडीच्या दाण्याचा खरखरीतपणा पाण्याचा शेवटचा पातळ थर फोडतो आणि दाण्यांमधल्या फटी पाण्याला वाट देतात. डांबर जास्त झालं की ते उन्हात वर येतं, खडी बुडते आणि दोन्ही गोष्टी जातात. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडल्या की त्यांत पन्हाळीसारखं पाणी राहतं. पॅचवर्कचा उंचवटा तर छोटा बांधच. त्याच्या वरच्या अंगाला डबकं ठरलेलं. काँक्रीट केलं तरी कासवपाठ उतार चुकला आणि गटाराचं तोंड रस्त्याहून उंच राहिलं, तर पाणी थांबणारच.

तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. 50 मिलिलिटर बारीक कोरडी वाळू रस्त्यावर गोल पसरून फटी भरायच्या. वर्तुळ 25 सेंटिमीटरचं झालं, तर फटींची सरासरी खोली सुमारे 1 मिलिमीटर. वर्तुळ जितकं मोठं, तितका रस्ता गुळगुळीत. त्यानंतर टँकरभर पाणी ओतून ते कुठं थांबतं, तिथं खडूने खूण करायची. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 198अ रस्त्याच्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड सांगतं. माणूस पडल्यावरच्या त्या दंडापेक्षा मला बिलाआधीची ही खडूची खूण हवी आहे. प्रभागातल्या लोकांसमोर, मिरगाच्या आधी.