पाळणाघर आधी, पाटी मग

मौदा गावाभोवती धानाचे शिवार आहे. राईस मिलच्या शेडमध्ये खांबाला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे बाळ आणि त्याच्या पापण्यांवर कोंड्याची धूळ. हे चित्र आता बदललेच पाहिजे.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही दिली. पण लहान मिल या आकड्याखाली राहते आणि तिथली आई या सक्तीबाहेर.

इथेच ‘बालस्नेही आस्थापना’ असे प्रमाणपत्र कामी येईल. गालिच्यांच्या धंद्यात १९९४ पासून ‘रगमार्क’ने, म्हणजे आजच्या ‘गुडवीव्ह’ने, बालमजुरीमुक्त मालाला ओळख दिली, कारण ग्राहक ती खूण पाहून माल घेऊ लागला. आपल्याकडेही मोठ्या खरेदीदारांनी आणि कंत्राट देणाऱ्यांनी या प्रमाणपत्राची अट घालावी.

तपासणी मात्र न कळवता व्हावी, तीही रोवणी-कापणीच्या दिवसांत, आणि कंत्राटी बायांशी मालकाच्या माघारी बोलून. बाळ झोळीत दिसले, तर ‘बालस्नेही’ची पाटी त्याच दिवशी उतरवावी.